माणशी अठरा इंच

वहिनींचा फोन आला तेव्हा मी कळव्याच्या घरी पेपर वाचत होतो. "भाऊजी, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. मानपाड्याला दादाच्या घरी पोचलो तर दारात शेजारी जमलेले. दादा ना आजारी होता, ना थकलेला. आदल्याच दिवशी फोनवर माझ्याशी आंब्याच्या पेटीवरून भांडला होता. सहा आठवडे झाले, मला ते अजून खरं वाटत नाही.

दादा ड्राफ्ट्समन. ठाण्यातल्या एका कंपनीत बसून त्याने वीस वर्षं अमेरिकेतल्या फुटबॉल स्टेडियमची ड्रॉइंग्ज केली. म्हणजे बॉल हातात घेऊन पळतात तो फुटबॉल. अमेरिका त्याने पाहिली नाही आणि तो खेळ त्याला शेवटपर्यंत कळला नाही. पण लाखभर माणसं बसतील अशा स्टेडियमची रांगन् रांग पाठ. तिथे पुष्कळ ठिकाणी खुर्च्या नसतात, लांबच लांब बाकं आणि त्यांवर नंबर. "जागा तेवढीच असते रे," तो म्हणायचा. "माणशी अठरा इंच दिले की लाख बसतात. दोन इंच वाढव, हजारो बाहेर."

अशाच एका स्टेडियमच्या ड्रॉइंगची रद्द झालेली मोठी प्रिंट त्याने हॉलच्या भिंतीवर लावली होती. आई गेली तेव्हा त्यातल्या एका जागेच्या चौकोनात त्याने पेन्सिलीने बारीक 'आई' लिहिलं. मग बाबा, शेजारचे काका, इस्त्रीवाला... मी चिडायचो. "अरे, एवढं मोठं रिकामं बघवत नाही," तो शांतपणे म्हणायचा. मी भिंतीकडे पाठ करून बसायचो, तरी मागून कुणीतरी बघतंय असं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. चार दिवस माझं काही खरं नव्हतं. दादा हॉस्पिटलातून घरी गेला तो एकदाच, आंघोळीपुरता.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, "यांचं नाव तुम्हीच लिहा. माझा हात होत नाही." पेन्सिल घेऊन मी आईबाबांच्या शेजारचा चौकोन शोधला. तिथे नाव होतंच. 'वसंत'. दादाचंच नाव, दादाचंच अक्षर.

"हे कधी लिहिलं त्याने?"

"मला काय माहीत? मी तर आज बघतेय," वहिनी म्हणाल्या.

नावाखालचा कागद खरवडलेला होता. मान तिरकी करून खिडकीच्या उजेडात पाहिलं, तर खोडलेली जुनी अक्षरं दिसली. माझं नाव. त्या चार दिवसांत लिहिलेलं असणार; मग खोडून त्याच जागी स्वतःचं.

दादा, विचारायचं तरी होतंस. मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसशील.

आता दर रविवारी जातो, भिंतीकडे तोंड करून बसतो. त्याचं खोडरबर प्रिंटखालच्या फळीवर आहे, एका बाजूने झिजलेलं. वहिनी धूळ पुसतात, पण ते हलवत नाहीत. मीही हलवत नाही.