अण्णांचा वस्तरा

वडील गेल्यापासून कपाटात पडून असलेला त्यांचा वस्तरा आज पहिल्यांदा गालाला लावला. अण्णा दाढीला बसले, की आम्ही भावंडं नेमकं तेव्हाच काहीतरी मागायचो. सहलीला जाऊ? हं. तुमची सायकल नेऊ? हं. गळ्यावर पातं असताना माणूस नाही तरी कसा म्हणणार!

आज गळ्यापाशी आलो आणि हात थबकला. आरशाकडे बघत हळूच विचारलं, "अण्णा, वापरू ना तुमचा वस्तरा?" आरसा कसला बोलतोय! मान वर केली, कातडी ताणली, श्वास रोखून पातं ओढलं. तेवढ्यात दाराबाहेरून लेक म्हणाली, "बाबा, मैत्रिणीकडे जाऊ?"

"हं."

लेक पळाली. मी मात्र तसाच उभा राहिलो. किती वर्षांनी अण्णांचा आवाज ऐकला होता.