अक्काच्या निळ्या गाठी आणि धुळ्याची दुर्बीण

यावलहून सकाळच्या एसटीनं निघालो, तेव्हा अक्का खिडकीशी आणि डझनभर केळी तिच्या मांडीवर. अक्का माझी मोठी बहीण, यावललाच दिलेली. लहानपणापासून तिच्या हातांवर, ओठावर जांभळासारख्या मऊ निळ्या गाठी. त्यांचं कुणालाच काही वाटत नसे. काळजी होती रक्ताची. चार वर्षं लोहाच्या गोळ्या, दोनदा रक्त चढवलेलं, तरी चार पायऱ्यांत धाप. सासरे म्हणत, "धड खातच नाही." खरं तर ती माझ्या दुप्पट खायची.

जळगावला गाडी बदलली. पारोळ्याला एक म्हातारी शेजारी टेकली. "माय, तू ते बठ्ठी पांढरी पडी गयी!" (बठ्ठी म्हणजे सगळी.) तिनं बीट सांगितलं, मागच्या बाकानं खजूर, कंडक्टरनं मेथी. धुळं येईपर्यंत अख्ख्या गाडीनं अक्कावर उपचार केले.

उतरल्यावर झणझणीत शेवभाजी हाणली आणि दवाखाना गाठला. म्हातारे डॉक्टर. त्यांनी ओठावरची गाठ बोटानं दाबली. ती बसली, मग हळूहळू पुन्हा फुगली.

"शौचाला काळं होतं?"

"गोळ्यांनी होतंच की," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं. ताई, गोळ्यांच्या आधी?"

अक्का पंख्याकडे बघत राहिली. "भाऊ, तू जरा बाहेर जा."

पडद्याआडून ऐकू आलंच. "लग्नाच्या आधीपासून, डांबरासारखं. असलं कुणाला सांगायचं?"

डॉक्टरांना लगेच दुर्बीण घालून पोट बघायचं होतं; पण पोटात शेवभाजी! डॉक्टर रागावले. मुक्काम पडला. धर्मशाळेत अक्का म्हणाली, "खाल्लं म्हणून कुणी रागावलं, असं पहिल्यांदाच झालं."

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून दिसल्या त्याच निळ्या गाठी, जठरात. "रक्तवाहिन्यांच्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "पुढे आतड्यातही असणार. थेंब थेंब रक्त जातंय. मीही हे आजवर पुस्तकातच वाचलं होतं."

"बरं होईल?"

"मुळापासून नाही. गोळ्या सोडू नका, रक्त तपासत राहा. फारच वाहिलं तर ऑपरेशन."

परतीच्या गाडीत बसलो. बरं करायला नेलेली बहीण तशीच परत आणत होतो. अक्का मात्र केळं सोलत होती. "म्हणजे मी खात होते, ते खरंच ना रे?"

यावलच्या स्टँडवर सासरे उभे होते. "काय म्हणाले डॉक्टर?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच अक्कानं पदर सावरला. "मी सांगते, आबा," ती म्हणाली, आणि भर स्टँडवर, चार माणसं ऐकत असताना, तिनं थेट शौचापासून सुरुवात केली.