दुखवट्याचा शिरा

काल संध्याकाळी सिंगापूरच्या जुरोंग ईस्टला, स्टेडियमच्या गेटबाहेर मी शिऱ्याचा डबा ओढणीखाली लपवून उभी होते... आणि मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या घालत होते.

आमच्या आवडत्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर कॅन्सरने गेला. बावीस वर्षांचा पोरगा! आमची लेक आर्या त्याचं बघूनच गोलकीपर झाली.

तो गेल्याचं कळलं तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. हातमोजे कपाटावर टाकले, "नॉट प्लेइंग" म्हणाली आणि गप्पच झाली. शाळा, जेवण सगळं चालू... पण घरात असून नसल्यासारखी. मला खरंच भीती वाटायला लागली होती.

माझा नवरा मिलिंद बोटीवर इंजिनिअर. गेल्या आठवड्यात सुट्टीवर आला, लेकीकडे नुसता बघत राहिला आणि काल दुपारी स्वतःच रवा भाजायला घेतला. म्हणे, आपल्याकडे तेराव्याला गोड करून दुखवटा संपवतात, मग हिचा कोण संपवणार? बरं, तिला घरीच द्यावा ना... छे! क्लबचे फॅन्स त्या मुलासाठी जमणार होते, तिथेच न्यायचा होता त्याला.

आता तुम्हीच सांगा. गेटपाशी पांढरी फुलं, त्याची जर्सी, डोळे पुसणारी माणसं... आणि आम्ही तिथे गोड वाटणार? लोकांना वाटायचं, ह्यांच्याकडे बारसं आहे. आर्या तर आमची ओळखच नसल्यासारखी लांब जाऊन उभी राहिली.

मिलिंदने डबा माझ्याकडून घेतला आणि दर मॅचला ढोल वाजवणाऱ्या चिनी अंकलपुढे धरला. हे असं का, तेही सांगितलं.  अंकलनी खिशातून एक गोड गोळी काढून मिलिंदच्या हातावर ठेवली. "सेम सेम लाह. अवर फ्युनरल ऑल्सो गिव्ह स्वीट."

माझा जीव भांड्यात पडला.

डबा फिरायला लागला. अंकलनी आर्यालाही हाक मारली, "गर्ल, कम, ईट." ती आली, एक घास खाल्ला... आणि बाबाच्या शर्टात तोंड खुपसून हमसाहमशी रडली. कोण बघतंय, काय म्हणतंय, मला कशाचंही भान नव्हतं. इतके दिवस मी त्या रडण्याची वाट बघत होते. मग मीही रडून घेतलं.

परतताना एमआरटी ट्रेनमध्ये तिने हळूच विचारलं, "बाबा, टुमॉरो गॉट ट्रेनिंग. कॅन सेंड मी?"

त्या मुलाची एकही मॅच मी धड बघितलेली नाही. आर्याशेजारी बसून फोन बघायचे. त्याच्या आईचा विचार आला की पोटात तुटतं... आणि त्याच्याच निरोपाला माझी लेक बोलती झाली म्हणून त्याचे आभारही मानावेसे वाटतात.

सकाळी हातमोजे धुऊन खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेत. तेव्हापासून आर्याबाई दर थोड्या वेळाने विचारतायत, "आई, ड्राय ऑलरेडी ऑर नॉट?" एरवी मी वैतागले असते. आज दर वेळी उठून, हात लावून बघून येतेय.