परत आलेला डबा

जपानच्या त्या सहलीत सगळं काही मी केलं होतं. खेड्याखेड्यांतून जाणारी जुनी वाट मी शोधली, मुक्कामाची घरं मी ठरवली, आरक्षणं माझ्या नावावर. इथे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला नदीकाठी चालायचा सराव करताना दहा महिने मी जपानीचे धडे ऐकत होते. माझी मैत्रीण फक्त बूट घेऊन आली, तेही सेलमधले.

ती नर्स, मी फार्मासिस्ट, दोघी एकाच हॉस्पिटलात. पंधरा वर्षांची मैत्री. तिच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधात असते.

तिसऱ्या मुक्कामाची मालकीण सत्तरीची होती. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आपलं घर सुंदर आहे, जेवण उत्तम झालं." तिनं अदबीनं मान हलवली. एवढ्यात मैत्रीण चक्क मराठीत म्हणाली, "आजी, गुडघा दुखतोय ना? बसा बघू इथे." आणि आजी बसल्या! पुढचा अर्धा तास मैत्रीण त्यांना पाय सरळ करायचे व्यायाम शिकवत होती आणि दोघी खिदळत होत्या. मी शब्दकोश मांडीवर घेऊन शेजारी बसले होते. कुणी काही विचारलं नाही. माझ्या पोटात दुखत होतं, आणि त्यावरचं औषध आमच्या फार्मसीतही नाही.

सकाळी आजींनी वाटेसाठी भाताचे गोळे दिले, बांबूच्या डब्यात. तिथली पद्धत अशी की रिकामा डबा पुढच्या मुक्कामी ठेवायचा, सामानाची गाडी तो परत नेते. संध्याकाळी मी डबा घासून, पुसून दाराशी ठेवला.

"अगं, रिकामा डबा परत करतात का कुठे?" मैत्रीण म्हणाली. ऑकलंडला माउंट रॉस्किलच्या भारतीय दुकानातून आणलेली शेंगदाण्याची चिक्की तिनं त्यात भरली.

"स्वच्छ आणि रिकामा, असं लिहिलंय त्यांनी. मी वाचलंय."

"वाचलंयस ना? मग झालं तर. स्वीट अ‍ॅज." म्हणजे इथल्या बोलीत, सगळं छान. तिनं झाकण लावलं.

परत आल्यावर दोन महिन्यांनी माझ्या दारात पार्सल आलं. बाहेर माझं नाव, म्हणून मी उघडलं. आत तोच डबा, तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांनी भरलेला, आणि मैत्रिणीच्या नावाची चिठ्ठी. ती मी वाचायला नको होती. दोन तास शब्दकोश घेऊन वाचली. आजींनी लिहिलं होतं: चिक्की फार गोड होती. एक तुकडा शेजारणीला दिला, बाकी मीच खाल्ली. गुडघा बरा आहे, रोज व्यायाम करते. पुन्हा या. एवढंच. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मी कागद उलटूनही पाहिला.

डबा मी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांमागे लपवला. अकरा दिवस. त्या दिवसांत आम्ही दोनदा नदीकाठी चालायला गेलो. "आपल्या आजी काय करत असतील गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मला काय माहीत."

मला पश्चात्ताप वगैरे झाला नाही. मुलगी टॉवेल काढायला गेली आणि तिथून ओरडली, "आई, हूज बॉक्स इज धिस?" तेव्हा डबा द्यावाच लागला.

मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात तिनं डबा छातीशी धरला, मग चिठ्ठी माझ्यापुढे केली. "वाच ना. मला कुठे येतं! तू होतीस म्हणून बरं."

मी वाचली. चिक्की, शेजारीण, गुडघा, पुन्हा या. तिथे थांबायचं होतं. पण माझ्याच तोंडून निघालं, "तुमच्या मैत्रिणीलाही नमस्कार सांगा. त्या फार सुंदर जपानी बोलतात."

"बघ!" तिनं मला मिठीच मारली. तिचे डोळे भरून आले होते. "तिथे तू किती हिरमुसली होतीस, मला दिसत नव्हतं का? मलाच वाईट वाटत होतं. कुठली ओळ ती? दाखव."

मी बोट ठेवलं. कुठेतरी ठेवणं भाग होतं.

तिनं त्या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारली आणि चिठ्ठी फ्रिजवर लावली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती रेघेवर बोट ठेवून सांगते, "हे आमच्या हिच्याबद्दल लिहिलंय हं." लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी चहाचा कप हातात घेऊन ती ओळ वाचते. आता शब्दकोश लागत नाही: चिक्की फार गोड होती.