नानांची सही

नाना भर मे महिन्यात पंखा बंद करायला लावत. जळगावचं ऊन, वर पत्रा, आणि हे शांतपणे म्हणणार, "पंखा बी बोलस व माय. करी टाक बंद." कॉलेजच्या प्रयोगशाळेतले ते जुने तंत्रज्ञ. मी एम.एस्सी.ला होते. सर्किटवर घाम टपकू नये म्हणून मी कपाळाला ओढणी बांधून बसायचे. नाना मात्र शर्टाचं वरचं बटणसुद्धा उघडत नसत.

माझं काम सांगायला सोपं होतं. आकाशातून येणारा कण संवेदकातून गेला की विजेची अगदी पुसट लहर उमटते. ती मोजता येईल इतकी मोठी करायची, पण सर्किटचा स्वतःचा गोंगाट तिच्यात मिसळू द्यायचा नाही. मुंबईच्या एका संशोधन प्रयोगशाळेला आमचं किंवा धुळ्याच्या कॉलेजचं, असं एकच सर्किट हवं होतं. ज्याचं जाईल त्याला तिथे सहा महिने काम. आमच्याकडून ते पाठवायचं तर चाचणीच्या कागदावर नानांची सही लागायची.

आणि नाना सही करत नव्हते.

सर्किटमध्ये असा गोंगाट, म्हणजे नानांच्या भाषेत 'आवाज', आला की त्यांचा पहिला संशय अर्थिंगवर. जमीन वाळली की अर्थिंग कच्चं पडतं, हे खरंच आहे. म्हणून रोज सकाळी मी इमारतीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. "पानी टाकं का?" हाच त्यांचा नमस्कार. ज्युनिअर मुली विचारायच्या, "ताई, कशाचं झाड लावलंय?" मी हसायचे आणि मनातल्या मनात बादली आपटायचे.

कारण मला दुसरंच दिसत होतं. अर्थिंग कच्चं असून बाहेरची वीज शिरली तर लाट सेकंदाला पन्नास वेळा हलते. ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवरची लाट शंभर वेळा हलत होती. ती पॉवर सप्लायमधून येते. आणि आमचा पॉवर सप्लाय म्हणजे नानांनी तरुणपणी स्वतः बांधलेला हिरवा डबा. नवा सप्लाय कपाटात खोक्यात पडून होता. "त्या चिवचिव करतस," म्हणजे नवे सप्लाय स्वतःच बारीक आवाज घालतात, असं म्हणून नाना त्याला हात लावू देत नसत. मी वहीत इंग्रजीत लिहिलं, सप्लाय तपासायला हवा. त्यांना मात्र सांगितलं नाही. इतक्या मोठ्या माणसाला, त्याच्याच डब्याबद्दल?

सर्किट पाठवायच्या शेवटच्या दिवशी मी वेगळंच केलं. ऑसिलोस्कोपवर सरासरीचं बटण दाबलं. त्यात शेकडो लहरींची सरासरी दिसते आणि गोंगाट नाहीसा झाल्यासारखा वाटतो. रेघ केसासारखी बारीक झाली. नानांनी चष्मा वर करून पाहिलं आणि बटण बंद केलं. रेघ पुन्हा केसाळ झाली.

"आवाज गया नही व. तू झाकी टाका."

कागदावर त्यांनी गोंगाटाचा खरा आकडा लिहिला. सहीची जागा कोरी ठेवली. धुळ्याचं सर्किट मुंबईला गेलं.

नाना निवृत्त होऊन चोपड्याला गेल्यावर मी तेच सर्किट बॅटरीवर चालवलं. लाट नव्हती. हिरवा डबा उघडला, तर आतला, वीज स्थिर करणारा कपॅसिटर वाळून फुगलेला. मला इतका राग आला की मी रविवारची एसटी पकडून थेट चोपडा गाठलं.

नाना ओट्यावर केळीच्या वाळलेल्या सोपटाची दोरी वळत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"चूक मनीच शे," ते म्हणाले. इतक्या सहज म्हणतील असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शंभरनी लाट तुले तवयच दिखनी व्हती?"

"हो."

"मंग काबरं नही बोलनी व माय? मी तुले खाई टाकतू का?"

नानांच्या पत्नी, अक्का, चहा घेऊन आल्या. मी तो गरम गरमच संपवला, परतीच्या गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं आणि निघाले. गाडीला अजून दीड तास होता.