लुगड्यातली मरिया

सिन्नर फाट्याजवळच्या त्या लहान चर्चमध्ये वेदीवरची फुलं गेली एकतीस वर्षं झुंबरबाई त्रिभुवनच लावत आल्या होत्या. शनिवारी दुपारी फुलबाजारातून पांढरी शेवंती आणायची, देठ तिरपे कापायचे, निळ्या झग्यातल्या मरियामातेची मूर्ती ओल्या फडक्याने पुसायची. या चर्चमध्ये नऊवारी नेसणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

वसईकडचे तरुण फादर एडविन बदलून आले आणि त्यांनी वेदीमागच्या भिंतीवर चित्र काढून घ्यायचं ठरवलं. रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांनी कागदावरचं चित्र सगळ्यांना दाखवलं. हिरव्या लुगड्यातली सावळी मरिया, डोईवर पदर, कडेवर बाळ येशू. मूर्ती मागच्या खोलीत जाणार होती.

"हे चर्च वाटंल का?" दोघं-तिघं कुरकुरले.

"का नाही वाटणार? किती दिवस गोरीच आई बघायची?" निवृत्त शिक्षक यादवसर म्हणाले, तशी कुरकुर थांबली.

फादर हसत झुंबरबाईंकडे वळले. "मावशी, तुम्हाला तर नक्कीच आवडलं असेल. अगदी तुमच्यासारखी आहे."

"म्हणूनच नाय आवडलं, फादर."

झुंबरबाईंनी मूर्तीकडे बोट दाखवलं.

"माझी आय असंच लुगडं नेसून दुसऱ्याच्या वावरात राबायची. तहान लागली तर आडापासून लांब उभं राहायचं. कोणी वरून ओतलं तर ओंजळ धरायची. रविवारी चर्चात आली का या निळ्या झग्याकडं बघत बसायची. म्हणायची, हिला कोणी लांब उभं करत नाय. आता हिलाबी आमच्यातच आणून उभी करता?"

यादवसरांनी मान खाली घातली. त्यांची आईही त्याच गावची, त्याच आडापासून लांब उभी राहिलेली होती.

संध्याकाळी फादर झुंबरबाईंच्या घरी गेले. "माझं चुकलं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं," म्हणाले. चित्राला बाकी सगळ्यांनी होकार दिलेला, ते होणारच होतं. पण मूर्ती हलणार नाही, वेदीच्या उजव्या अंगाला राहील, असा शब्द त्यांनी दिला.

मग योगिनी नावाची चित्रकार मुलगी आली, भिंतीला परांची लागली. फुलं लावता लावता झुंबरबाई तिरक्या नजरेने बघायच्या. तिसऱ्या शनिवारी मात्र त्यांना राहवलं नाही.

"ए पोरी, कडेवर लेकरू आन् काष्टा इतका सैल? चार पावलात सुटंल की!"

योगिनी खाली उतरली. "मला नेसता येत नाही हो, आजी. फोटो बघून काढलं. दाखवाल?"

झुंबरबाईंनी पदर खोचून, काष्टा आवळून दाखवला. फुलांची रिकामी टोपली कडेवर घेऊन चालूनही दाखवलं. योगिनीने वही काढली आणि दुसऱ्या दिवशी कमरेखालचा सगळा भाग पुसून नव्याने रंगवला.

आठ सप्टेंबरला, मरियेच्या जन्माच्या सणाला, चित्र उघडं केलं. "पटलं ना आता?" यादवसरांनी हळूच विचारलं.

"लुगडं नीट नेसवलंय. पटायचं काय त्यात?"

तेव्हापासून त्या शेवंती दोन ठिकाणी लावतात. गुडघे मात्र निळ्या मूर्तीपुढेच टेकतात. पण भिंतीसमोर उभं राहून त्यांना पुटपुटताना फादरांनी एकदा पाहिलं.

"मावशी, हिच्याकडेही प्रार्थना सुरू केली वाटतं?"

"प्रार्थना नाय, फादर," झुंबरबाई म्हणाल्या. "घरचं सांगत होते. नातीला नोकरी लागली, ते."