गायरानाची राखण

आमच्या मावसोबांइतका गवतावर जीव टाकणारा अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा कोणी नसेल, आणि यात मी गुरंसुद्धा धरली आहेत. मावशीचे हे यजमान जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका कोरड्या गावाचे सरपंच. ग्रामपंचायतीच्या कचेरीत त्यांना करमत नसे; सगळा कारभार गायरानाच्या बांधावर, उभ्यानेच. गवत पिकून कापेपर्यंत गायरानात कुणी जनावर सोडायचं नाही, हा त्यांचा कायदा. सोडलं की रवानगी थेट कोंडवाड्यात. एकदा खुद्द त्यांचीच म्हैस दावं तोडून आत शिरली, तर मावसोबांनी तिला स्वतः हाकत नेऊन कोंडलं. नेमका त्याच दिवशी मी संगमनेरहून मुक्कामाला गेलेलो. कोरा चहा पुढे ठेवत मावशी म्हणाली, "दुधाचं इचारू नगंस. सरपंचानं अटक केलीय." मावसोबा शांतपणे बशीत फुंकर घालत होते. "सरपंचाचीच म्हस मोकळी सुटली, तर गाव कशाला ऐकंल माझं?"

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गायरानात काडी उरली नाही, तरी मावसोबा त्या उघड्या माळाची राखण करत फिरायचे. "मुळ्या जित्या हायेत. पानी पडू द्या, उठत्याल," म्हणायचे. आम्ही हसायचो. पण दुष्काळी कामातून गावाला पाझर तलाव मंजूर झाला आणि आमचं हसू आटलं. तलावाला सोयीची जागा एकच निघाली, गायरानाची. पाणी साठलं की ते कायमचं बुडणार. ग्रामसभेत तालुक्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, कोणाकोणाला मान्य आहे? विहिरी कोरड्या पडलेल्या, पाणी तर सगळ्यांनाच हवं होतं. पण मावसोबांदेखत पहिला हात वर करायची कुणाची छाती होईना. ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते. शेवटी त्यांनीच हात वर केला. "मान्सं जगली तर गुरं जगत्याल. घ्या जागा," म्हणाले. त्या दिवशी घरी येऊन मात्र ते जेवले नाहीत.

तलाव पहिल्यांदा भरला तेव्हा मी मुद्दाम गेलो. मावसोबा सवयीने काठी घेऊन भरावावर उभे होते, राखायला काही नसताना. तेवढ्यात त्यांची म्हैस तुटकं दावं ओढत आली आणि सरळ पाण्यात शिरली. मावसोबांनी काठी उगारली, आणि हळूच खाली घेतली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "तिला वाटतंय, गवत हाय अजून."